घरबसल्या छोटा ऑनलाइन व्यवसाय : आधार कुठे शोधावा, प्रेरणा कोणाकडून घ्यावी?



मागच्या वर्षी सहावीच्या वर्गाला मी नेहमीचाच निबंध दिला होता, 'माझी आई'. वह्या तपासताना एका मुलीची दोन वाक्यं वाचून हात थांबला. तिने लिहिलं होतं, 'माझी आई काहीच काम करत नाही. ती घरी चटणी कुटते आणि मोबाईल बघत बसते.'

त्या बाईंना मी ओळखत होते. आमचा भाग सोलापूरचा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी ही इथल्या घराघरातली गोष्ट. मुलीचे वडील यंत्रमागावर कामाला. माग आठवड्यातून तीनच दिवस चालू राहायला लागला, तेव्हा आईने उखळ बाहेर काढलं. एका पालकसभेत त्यांनी मला चटणीचा एक पुडा आणून दिला होता. चव घेतली आणि मी अगदी आत्मविश्वासाने म्हणाले, "ताई, ऑनलाइन टाका की! हातोहात खपेल." बोलून मी विसरून गेले. त्या मात्र विसरल्या नाहीत.

निबंधानंतर मी त्यांना शाळेत बोलावून घेतलं. मुलीची वही दाखवली नाही, नुसतं विचारलं, "कसं चाललंय?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही म्हणलात म्हणून फोटो टाकले. पहिल्याच महिन्यात एका माणसाचा फोन आला. चाळीस किलो चटणी पाहिजे म्हणाला. ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका म्हणाला. टाकला. पाच हजार गेले. घरात अजून सांगितलं नाही."

या गोष्टीला पंधरा दिवस होऊन गेले होते. पंधरा दिवस त्या ते ओझं एकट्याच वागवत होत्या. पैसे परत मिळाले नाहीत. पण माझ्या लक्षात आलं की मी त्यांना सल्ला दिला होता, आधार दिला नव्हता. या दोन गोष्टींत फार फरक आहे. तोच फरक समजावा म्हणून आजचा हा लेख. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी असा एखादा छोटा व्यवसाय चालू असतो किंवा सुरू होऊ घातलेला असतो. पालक विश्वासाने आपल्याला विचारतात. तेव्हा 'करा की, छान आहे' यापेक्षा जास्त काहीतरी आपल्याला सांगता आलं पाहिजे.

ऑनलाइन व्यवसायात एकटेपणा का येतो?

गावात दुकान टाकलं की शेजारचा दुकानदार असतो. बाजारात बसलं की बाजूच्या पाटीवाल्या मावशी असतात. कोणता व्यापारी उधारी बुडवतो, कोणत्या दिवशी गिऱ्हाईक जास्त येतं, हे कोणी न शिकवता कानावर पडतं. ऑनलाइन विकताना हा शेजारच नसतो. स्वयंपाकघरात एक बाई, हातात एक मोबाईल आणि पलीकडे अनोळखी माणसं. चूक झाली तर सांगायला कोणी नाही. ऑर्डर आली तरी आनंद वाटून घ्यायला कोणी नाही. शिवाय घरच्यांना ते काम वाटतच नाही. 'मोबाईल बघत बसते' हे वाक्य त्या मुलीने मनाने तयार केलेलं नव्हतं, घरात ऐकलेलं होतं.

म्हणून असा व्यवसाय सुरू करताना भांडवलाच्याही आधी जमवायची गोष्ट म्हणजे माणसं. चार प्रकारचा आधार लागतो. एकेक पाहू.

१) घरचा आधार

'आमचा पाठिंबा आहे' असं नुसतं म्हणून भागत नाही. घरच्यांनी बसून पुढच्या गोष्टी ठरवाव्यात :

- दिवसातले कोणते दोन-तीन तास या कामाचे? त्या वेळात दुसरी कामं कोण करणार?
- व्यवसायाचे पैसे कोणत्या खात्यात येणार? घरखर्चाचं आणि व्यवसायाचं खातं वेगळंच असावं, नाहीतर नफा झाला की तोटा हे कधीच कळत नाही.
- सुरुवातीला किती पैसे घालायचे? ते बुडाले तरी घर हलणार नाही, एवढेच घालावेत.
- नुकसान झालं तर त्याच दिवशी घरात सांगायचं आणि ऐकणाऱ्याने ओरडायचं नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा असतो. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आमच्या ताईंचे पंधरा दिवस घरच्यांच्या भीतीत गेले. घरात बोलायची सोय असती, तर निदान प्रयत्न तरी वेळेवर झाला असता.

आणि एक नियम मुलांसकट सगळ्यांना पाठ असायला हवा : पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार.

२) सोबतीचा आधार

आपल्याकडे याची तयार व्यवस्था आहे, ती म्हणजे महिला बचत गट. गटात साधारण दहा ते वीस जणी असतात. दर महिन्याला ठरलेली बचत, त्यातून आपापसात छोटं कर्ज आणि सगळ्यांसमोर हिशेब. गटाकडे आपण फक्त कर्जासाठी पाहतो, पण नवीन व्यवसाय करणाऱ्या बाईसाठी गट हा आधीचा 'शेजारचा दुकानदार' असतो. पाकिटं एकत्र घाऊक घेतली तर स्वस्त पडतात. मोठी ऑर्डर आली तर वाटून घेता येते. 'हा नंबर खरा वाटत नाही गं' असं सांगणारं कोणीतरी असतं.

ग्रामीण भागात 'उमेद' म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान या गटांबरोबर काम करतं. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', १९७५ पासून महिलांच्या या कामात आहे. गटांचा माल ऑनलाइन विकण्यासाठी 'उमेदमार्ट' हे व्यासपीठही आहे. मुंबईत भरणारं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा अशा प्रदर्शनांत गटांना आपला माल मांडता येतो. ऑनलाइन विकणाऱ्या बाईने वर्षातून एकदा तरी अशा प्रदर्शनाला जावं, विकायला नाही तर निदान बघायला. समोरचं गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन आधी काय वाचतं, कुठे नाक मुरडतं, हे मोबाईलवर कधीच दिसत नाही.

३) जाणकाराचा आधार

'कुणाला विचारू?' हा प्रश्न पालक हमखास विचारतात. पुढच्या तीन जागा लक्षात ठेवा :

- ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था : या संस्था बँका चालवतात आणि बहुतेक जिल्ह्यांत आहेत. प्रशिक्षण मोफत असतं. अन्नप्रक्रिया, शिवणकाम, ब्यूटी पार्लर असे विषय असतात आणि बाजारपेठ, बँकेचा व्यवहार याचीही माहिती मिळते.
- महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र : १९८८ मध्ये सुरू झालेली ही संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत उद्योजकता प्रशिक्षण घेते.
- जिल्हा उद्योग केंद्र : सरकारी योजना, अनुदान आणि कर्ज प्रस्ताव यांची माहिती इथे मिळते.

जाणकार म्हणजे फक्त कचेरी नव्हे. आपल्या गावात चार-पाच वर्षं टिकून असलेला एखादा मिठाईवाला किंवा शिवणकाम करणाऱ्या ताई, यांच्याजवळ अर्धा तास बसलं तरी पुष्कळ शिकायला मिळतं.

आणि कोणापासून सावध राहायचं तेही सांगते. 'महिन्याला पन्नास हजार खात्रीने', 'आधी नोंदणी फी भरा, मग ऑर्डर देतो', 'आजच्या दिवसापुरती कोर्सवर सूट' असं म्हणणारा माणूस आपला जाणकार नव्हे. आपण त्याचं गिऱ्हाईक असतो.

४) कागदाचा आधार

कागदपत्रं म्हटलं की बायका घाबरतात. खरं तर हे कागदच अडचणीच्या वेळी आपल्या बाजूने उभे राहतात.

*उद्यम नोंदणी* : १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू आहे. आधार क्रमांकावर, ऑनलाइन आणि पूर्ण मोफत. कोणी त्यासाठी हजार-दीड हजार मागत असेल, तर ते सरकारी शुल्क नाही.

*खाद्यपदार्थांची नोंदणी* : चटणी, पापड, लोणचं, लाडू काहीही विकायचं असेल, तर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान उत्पादकासाठी साधी नोंदणी असते आणि तिचं शुल्क नाममात्र आहे. मिळालेला चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा.

*पाकिटावरचा मजकूर* : पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा, करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क. हे सगळं असलेलं पाकीट अनोळखी गिऱ्हाइकाला विश्वास देतं.

*जीएसटी* : फक्त वस्तूंची राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पूर्वी ऑनलाइन बाजारपेठेतून विकायचं तर छोट्यांनाही नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातच विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर तिथे विकता येतं. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नियम बदलतात, तेव्हा आधी कर सल्लागाराला विचारावं.

*कर्ज* : प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. पण माझा प्रामाणिक सल्ला असा, की पहिल्या पन्नास ऑर्डरी कर्जाशिवाय पूर्ण कराव्यात. मग खरंच मिक्सर लागतो की पाकिटं बंद करायचं मशीन, हे अनुभवाने कळतं. कर्ज त्यानंतर काढावं.

प्रेरणा कोणाकडून घ्यावी?

मोबाईलवर प्रेरणेचा महापूर आहे. 'शून्यातून कोटी' अशा गोष्टी ऐकून दोन दिवस अंगात वारं भरतं, तिसऱ्या दिवशी ऑर्डर नसली की माणूस आणखी खचतं. म्हणून प्रेरणा घेताना एक कसोटी लावावी : या गोष्टीत अडचण कशी सोडवली हे सांगितलंय का? नसेल, तर ती नुसती जाहिरात आहे. कसोटीला उतरणारी आपल्या मातीतली तीन उदाहरणं देते.

लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. जसवंतीबेन पोपट त्या सातांपैकी एक, त्यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे पुष्कळांना माहीत असतं. मला मात्र त्यातल्या दोन बारीक गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! प्रश्न सुटला. दुसरी गोष्ट अशी की सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनबापा यांनी सांगितलं की एकच प्रत करा, पण चांगली करा आणि दर्जात तडजोड नको. यात आधार कसा असावा तेही दिसतं. छगनबापांनी योग्य सल्ला दिला, पण पापड बायकांनीच लाटले आणि निर्णयही त्यांचेच राहिले.

अंबिका मसाले. दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या कमलताई परदेशी शेतमजुरी करायच्या. शाळेचं शिक्षण नव्हतं. सोबतच्या मजूर बायकांना घेऊन त्यांनी बचत गट काढला, मसाले करायला लागल्या आणि तो मसाला पुढे परदेशापर्यंत गेला. २०२४ मध्ये त्या गेल्या. 'मला शिक्षण नाही, मी काय करणार?' असं म्हणणाऱ्या प्रत्येक आईला ही गोष्ट सांगावी. आणि हेही सांगावं, की त्या एकट्या निघाल्या नाहीत, गट घेऊन निघाल्या.

आपली आजी. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजी. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात नातवाने त्यांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ करायला सुरुवात केली आणि लाखो लोक आजींच्या पाककृती बघू लागले. त्याच वर्षी त्यांचं चॅनल कोणीतरी हॅक केलं. काही दिवसांनी ते परत मिळालं. इथे दोन धडे आहेत. नवीन तंत्र घरातल्या लहानांकडून शिकायला लाज वाटू देऊ नये. आणि आपलं ऑनलाइन खातं म्हणजे आपलं दुकान, त्याला पक्कं कुलूप हवं. पासवर्ड कोणाला सांगू नये आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवावी.

या तिन्ही गोष्टींत पहिल्या दिवशी कोणीही मोठं नव्हतं. तुलना करायची तर त्यांच्या पहिल्या वर्षाशी करा, आजच्या नावाशी नको.

हिशेब : वर्गातही शिकवता येईल असा

आमच्या ताईंचा हिशेब मी एकदा त्यांच्याबरोबर बसून मांडला. आकडे उदाहरणादाखल सोपे करून देते.

एक किलो शेंगा चटणी, म्हणजे २०० ग्रॅमचे ५ पुडे :

- शेंगदाणे : १५० रुपये
- लसूण, तिखट, मीठ, जिरं : ५० रुपये
- गॅस : १५ रुपये
- पाकिटं आणि लेबल : ३० रुपये
- दीड तासाची मजुरी, तासाला ६० प्रमाणे : ९० रुपये
- एकूण : ३३५ रुपये, म्हणजे एका पुड्याला ६७ रुपये

ताई पुडा विकत होत्या ६० रुपयांना! त्यांच्या डोक्यात फक्त पहिल्या दोन ओळी होत्या. सामान २०० रुपयांचं, पुड्याला ४०, म्हणून २० रुपये नफा. गॅस आणि पाकीट धरलं तर पुड्याला ४९ होतात, म्हणजे सुटतात ११ रुपये. पाच पुड्यांचे ५५, तेही दीड तास उखळात कुटून. आणि मजुरी धरली तर प्रत्येक पुड्यामागे ७ रुपये तोटा.

मी विचारलं, "तुमची मजुरी का नाही धरली?" त्या हसल्या, "माझी कसली मजुरी, बाई? मी घरचीच की!"

पालकहो, इथेच गाडं अडतं. मुलीने निबंधात जे लिहिलं, तेच आईने हिशेबात लिहिलं होतं : आई काहीच काम करत नाही. आईच्या तासाला किंमत लावणं हा मला या सगळ्यातला सर्वांत मोठा आधार वाटतो. तो बाहेरून येत नाही, वहीत स्वतःच्या हाताने लिहावा लागतो.

पहिल्या महिन्याचं छोटं नियोजन

१. पहिला आठवडा : एकच पदार्थ निवडा. दहा ओळखीच्यांना विकत द्या, फुकट नको. फुकट खाणारा खरं बोलत नाही.
२. दुसरा आठवडा : त्यांच्या सूचना वहीत लिहा. वर दाखवल्याप्रमाणे हिशेब मांडा आणि किंमत ठरवा.
३. तिसरा आठवडा : उद्यम आणि अन्न नोंदणीचा अर्ज करा. दिवसाच्या उजेडात तीन-चार स्वच्छ फोटो काढा.
४. चौथा आठवडा : ऑनलाइन मांडणी करा. आधी पैसे, मग माल हा नियम ठेवा. कुरिअरचा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

आणि महिन्यातून एक दिवस असा ठेवा, की त्या दिवशी तुमच्यासारखंच काम करणाऱ्या निदान एकीशी तरी प्रत्यक्ष बसून बोलायचं.

आपण शिक्षक काय करू शकतो?

- पालकसभेत पंधरा मिनिटं या विषयाला द्या. १९३० हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.
- नफा-तोट्याच्या धड्याला पुस्तकातल्या उदाहरणांबरोबर मुलांच्या घरचं एक खरं उदाहरण घ्या. मात्र कोणाच्या घरची कमाई वर्गात उघड होऊ देऊ नका, आकडे बदलून घ्या.
- मराठीच्या तासाला पाकिटावरचं लेबल आणि जाहिरातलेखन करून घ्या.
- मुलं घरी मदत करत असतील तर कौतुक करा. पण रात्री अकरापर्यंत मूल ऑर्डरींची उत्तरं देत बसत असेल, तर पालकांशी बोला. व्यवसाय मुलाच्या शिक्षणासाठी आहे, त्याच्या झोपेच्या जिवावर नको.
- सल्ला दिला तर महिनाभराने एकदा विचारा, "कसं चाललंय?" मी हेच विसरले होते.

आमच्या ताई आज फार मोठ्या उद्योजिका झालेल्या नाहीत. महिन्याला बारा-पंधरा किलो चटणी जाते. पुडा आता ८५ रुपयांना आहे. किंमत वाढवल्यावर दोन-चार गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली. गल्लीतल्या दोघीजणी कडक भाकरी करून देतात, तीही याच ऑर्डरींबरोबर जाते. पाच हजारांची गोष्ट त्यांनी शेवटी घरात सांगितली. नवरा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी पुडे घेऊन कुरिअरवाल्याकडे स्वतः गेला.

आणि ती मुलगी? तिला मी निबंध पुन्हा लिहायला लावला नाही. पण नफा-तोटा शिकवताना फळ्यावर चटणीचाच हिशेब मांडला होता. मी बेरीज करून खडू खाली ठेवला, तेवढ्यात मागच्या बाकावरून तिचा आवाज आला,

"बाई, आईची मजुरी राहिली."

मी मुद्दामच सोडली होती.